वळणावरचा आवाज : व्हॅनच्या एका तक्रारीचे निदान

सरळ रस्त्यावर बिनबोभाट चालणारी व्हॅन वळण घेतानाच कटकट किंवा घरघर करू लागली, तर तो आवाज मालकाला जितका बेचैन करणारा असतो, तितकाच निदानाच्या दृष्टीने उपयोगी असतो. सतत येणाऱ्या आवाजामागे वाहनातील कोणताही फिरता, घासणारा किंवा सैल झालेला भाग असू शकतो. परंतु जो आवाज केवळ वळणावर उमटतो आणि गाडी सरळ होताच थांबतो, त्याचा शोध वळणामुळे ज्या गोष्टी बदलतात तेवढ्यांपुरताच घ्यावा लागतो, आणि अशा गोष्टी मोजक्या आहेत. व्यवहारात मात्र बहुधा उलट घडते. आवाज ऐकताच अंदाजाने एक भाग बदलला जातो, आवाज कायम राहिला की दुसरा बदलला जातो, आणि मूळ कारण सापडेपर्यंत त्याच्या कितीतरी पट खर्च होऊन बसलेला असतो. महाराष्ट्रात व्हॅन हे बहुतांशी पोटापाण्याचे वाहन आहे; शाळेच्या मुलांची ने-आण करणारी ओम्नी असो, माल पोहोचवणारी ईको असो, की वडाप म्हणून गावोगाव धावणारी मॅजिक असो, ती एक दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणूनच भाग खोलण्यापूर्वी आवाज नीट ऐकणे आणि त्याची पद्धतशीर परीक्षा करणे हे कौशल्य केवळ मेकॅनिककडेच नव्हे, तर चालक आणि मालक यांच्याकडेही असणे अगत्याचे आहे.

वळण घेताना वाहनात तीन बदल एकाच वेळी घडतात. पहिला बदल पुढच्या चाकांच्या कोनाचा. वळणाच्या आतल्या बाजूचे चाक लहान वर्तुळावरून आणि बाहेरचे चाक मोठ्या वर्तुळावरून जात असल्याने आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा अधिक वळावे लागते. हे साधणारी सांध्यांची रचना म्युनिकचा गाड्या बनवणारा कारागीर गेऑर्ग लांकेनस्पेर्गर याने घोडागाड्यांसाठी १८१७ च्या सुमारास योजली आणि त्याचा इंग्लंडमधील प्रतिनिधी रुडॉल्फ ॲकरमन याने १८१८ मध्ये तिचे पेटंट घेतले, त्यामुळे ती आजही ॲकरमनच्याच नावाने ओळखली जाते. स्टेअरिंगचे सर्व दांडे, त्यांच्या टोकांचे गोलाकार सांधे आणि चाकाला धरून ठेवणारे बॉल जॉइंट हे या कोनबदलाच्या वेळी हलणारे भाग होत.

दुसरा बदल भाराचा. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचे वजन उजव्या चाकांवर झुकते, आणि व्हॅनची उंची तिच्या रुंदीच्या मानाने जास्त असल्यामुळे हा झुकाव मोटारीपेक्षा तिच्यात अधिक जाणवतो. प्रवाशांसह १५०० किलो वजनाची, चाकांमधील आडवे अंतर १.३ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर असलेली व्हॅन ४० मीटर त्रिज्येच्या वळणावरून ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर गणित असे सांगते की सुमारे २५० किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. म्हणजे सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ७५०-७५० किलो असलेला भार वळणावर बाहेरच्या बाजूला १००० आणि आतल्या बाजूला ५०० असा विभागला जातो. झिजलेल्या बेअरिंगला सरळ रस्त्यावर जे वजन पेलता येत होते, ते या वाढीव भाराखाली पेलवत नाही आणि ते आवाज करू लागते.

तिसरा बदल अंतराचा. बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते, आणि चाकांमधील अंतर १.३ मीटर असेल तर काटकोनातल्या प्रत्येक वळणावर मागच्या दोन चाकांनी कापलेल्या अंतरात सुमारे २ मीटरचा फरक पडतो. गंमत अशी की वळण अरुंद असो वा रुंद, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो वळणाच्या त्रिज्येवर नव्हे तर चाकांमधील अंतरावर आणि गाडी किती अंशांनी वळली यावर अवलंबून असतो. अरुंद वळणात तो थोड्या वेळात भरून काढावा लागतो, एवढेच. एकाच इंजिनाने फिरवलेल्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जी दात्यांची रचना मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत मागच्या ॲक्सलच्या मध्यावरील गोल पेटीत असते, तिला डिफरन्शियल म्हणतात.

हे तीन बदल एकमेकांत मिसळलेले असले तरी ते वेगळे काढता येतात, आणि निदानाची सगळी गुरुकिल्ली येथेच आहे. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, तर फक्त कोन बदलतो. चाके धावत नाहीत आणि वळणाचा भारही येत नाही. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून, ज्याला चालक फुल लॉक म्हणतात त्या स्थितीत, ताशी ७-८ किलोमीटरने गोल चक्कर मारली, तर कोन आणि दर मीटरमागे पडणारा अंतराचा फरक दोन्ही कमाल होतात, पण भार फारसा सरकत नाही. आणि रुंद वळणावर बऱ्यापैकी वेगाने गेले, तर भार मोठ्या प्रमाणावर सरकतो, परंतु चाकांचा कोन अगदी अल्प असतो. वर सांगितलेल्या ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर तो साडेतीन अंशांच्या आसपासच भरतो. आवाज या तिन्हींपैकी कोणत्या परीक्षेत येतो आणि कोणत्या परीक्षेत येत नाही, एवढे नोंदवले तरी संशयित भागांची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते.

या परीक्षांना हात घालण्याआधी एक काम विनाअट करायचे असते, ते म्हणजे चाकांचे नट तपासणे. पंक्चर काढून किंवा टायर बदलून घेतल्यावर दोन-चार दिवसांत वळणावर खटखट सुरू झाली असेल, तर नट सैल असण्याची शक्यता सर्वांत आधी गृहीत धरावी, कारण सैल नटांचे चाक वळणाच्या बाजूच्या रेट्याने हबवर हलते आणि ठोक्याचा आवाज करते. दुर्लक्ष झाले तर नट गळून चाक निखळू शकते. नट समोरासमोरच्या क्रमाने, वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या ताणाएवढेच आवळावेत आणि शंभरएक किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा तपासावेत. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि ते वगळून पुढे जाणे धोक्याचे आहे.

नट ठीक असल्याची खात्री झाल्यावर एक प्रश्न विचारावा लागतो तो हा, की या व्हॅनची कोणती चाके इंजिन फिरवते. हा प्रश्न न विचारल्यामुळे जितकी चुकीची निदाने होतात, तितकी दुसऱ्या कोणत्याही कारणाने होत नसावीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्यामुळे पुढची चाके फिरवणारी मोटार भारतात घरोघरी पोहोचली. अशा मोटारीत वळताना कटकट झाली की ‘एक्सल गेला’, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा शाफ्ट गेला, हे निदान गॅरेजमध्ये इतके रूढ झाले, की वळणावर कटकट करणाऱ्या कोणत्याही गाडीला ते लावले जाऊ लागले. परंतु त्याच कंपनीने १९८४ मध्ये आणलेली व्हॅन, जी पुढे ओम्नी या नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यात तेच ७९६ सीसीचे इंजिन असले तरी ते पुढच्या सीटखाली बसवलेले होते आणि प्रोपेलर शाफ्टच्या लांब दांड्याने मागची चाके फिरवत होते. २०१० मध्ये आलेली ईकोही मागच्याच चाकांवर चालते, तसेच टाटा मॅजिक आणि फोर्स ट्रॅव्हलर. या गाड्यांच्या पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळतच नसल्याने त्यांच्या पुढच्या बाजूला तो ‘एक्सल’ मुळात अस्तित्वातच नसतो, मग तो जाण्याचा प्रश्न कुठला! याउलट पुण्याच्या बजाज टेम्पोची जुनी मॅटॅडोर आणि २००७ मध्ये आलेली टाटा विंगर या व्हॅन पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या बाबतीत मात्र पुढच्या शाफ्टवरचा संशय अगदी रास्त ठरतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतील या शाफ्टची अडचण समजून घेण्यासारखी आहे. चाक एकाच वेळी फिरायलाही हवे आणि वळायलाही हवे, म्हणजे त्याला ताकद पोहोचवणारा दांडा मध्येच वाकता यायला हवा. प्रोपेलर शाफ्टवर जो अधिकच्या चिन्हासारखा सांधा असतो, ज्याला मिस्त्री लोक क्रॉस म्हणतात, तो येथे चालत नाही. कारण तो कोनात वाकवला की एका बाजूचा दांडा एकसमान गतीने फिरत असूनही दुसऱ्या बाजूचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगावतो आणि दोनदा मंदावतो. कोन ३० अंशांचा असेल तर ही चढउतार सुमारे १५ टक्क्यांपर्यंत जाते, आणि एवढ्या धक्क्यांनी स्टेअरिंग हातात थरथरत राहील. फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने १९२० च्या दशकात यावर उपाय शोधला : आतल्या आणि बाहेरच्या वाटीत कोरलेल्या खाचांमध्ये सहा पोलादी गोळ्या बसवायच्या आणि त्या नेहमी दोन्ही दांड्यांमधील कोनाच्या बरोबर मध्यावरील पातळीत राहतील अशी व्यवस्था करायची, म्हणजे सांधा कितीही वळला तरी गती एकसमान राहते. १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश मिनी मोटारीने हा सांधा सर्वदूर नेला. गॅरेजमध्ये त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात.

या सांध्याचे आयुष्य त्याच्या वंगणावर, आणि वंगणाचे आयुष्य त्यावर चढवलेल्या रबराच्या घडीदार टोपणावर अवलंबून असते. हे टोपण, ज्याला बूट म्हणतात, तडकले की फिरत्या शाफ्टच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्या जागी धूळ व पाणी शिरते. कोकणातील पावसाळ्यात चिखलपाण्यातून रोज जाणाऱ्या गाडीत यानंतर सांधा निकामी व्हायला वेळ लागत नाही. गोळ्या खाचांमध्ये खड्डे पाडतात, आणि सांधा सरळ असताना गोळ्या खाचेच्या मध्यावरच राहत असल्याने आवाज येत नाही, मात्र तो पूर्ण वळला की गोळ्या खाचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकतात आणि प्रत्येक खड्ड्यावरून उडी मारताना कट-कट-कट असा नियमित ताल धरतात. याची ओळख अशी की आवाज फुल लॉकमधील संथ चक्करेत सर्वांत स्पष्ट येतो, ॲक्सिलरेटर दिला की वाढतो आणि सोडला की कमी होतो. गाडीखाली वाकून पाहिले तर चाकाच्या आतल्या रिमवर फेकले गेलेल्या काळ्या ग्रीसचा पट्टा दिसतो, आणि बुटाच्या घडीत नखाने दाबले असता चीर उघडते. बूट फाटल्याचे वेळीच लक्षात आले तर नवा बूट आणि ताजे ग्रीस एवढ्यावर भागते. कटकट सुरू झाल्यावर मात्र सांधाच बदलावा लागतो, कारण पोलादात पडलेला खड्डा ग्रीसने भरून निघत नाही.

आवाजाचा ताल कशाशी बांधलेला आहे हे ऐकणे ही निदानातील सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत दुर्लक्षित कला आहे. व्हॅनच्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर धरला तर ताशी १० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण दीड फेरा करते; म्हणून सेकंदाला एक-दोनदा येणारा ठोका चाकाच्या एका फेऱ्याशी जोडलेला आहे असे समजावे, आणि मग सैल नट, दगड अडकलेला टायर, वाकलेली ब्रेक डिस्क यांच्याकडे पाहावे. सेकंदाला अनेकदा येणारी कटकट बेअरिंग किंवा गोळ्यांच्या सांध्याकडे बोट दाखवते. गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदलला असता ज्या आवाजाची पट्टी बदलते, तो चाकाचा नसून इंजिनाचा किंवा त्याला पट्ट्याने जोडलेल्या भागांचा असतो. आणि जो आवाज चाक फिरण्याशी मुळीच बांधलेला नसून स्टेअरिंग एका ठरावीक ठिकाणाहून जाताना एकदाच ‘टण्’ किंवा ‘कट्’ असा येतो, तो स्टेअरिंगच्या दांड्यांचा किंवा सस्पेन्शनचा असतो. मेकॅनिकला ‘वळताना आवाज येतो’ एवढेच सांगण्याऐवजी हा ताल सांगता आला, तर त्याचे निम्मे काम झालेले असते.

उभ्या गाडीच्या परीक्षेसाठी दोन माणसे लागतात. एकाने स्टेअरिंग सावकाश फिरवायचे आणि दुसऱ्याने चाकाच्या कमानीत हात घालून एकेका सांध्यावर बोटे टेकवायची, कारण झिजलेला सांधा कानाला जितका फसवतो तितका बोटांना फसवत नाही. ज्या सांध्यात खेळ असेल तेथे टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा स्टेअरिंगचा दांडा, आधी आणि नकल, म्हणजे चाकाला धरणारा वळता भाग, नंतर हलताना हाताला स्पष्ट जाणवते. ओम्नी आणि ईकोमध्ये पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतात, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच खांब होतो आणि चाकासोबत तो संपूर्ण खांबच फिरतो; या खांबाच्या वरच्या टोकाला बसवलेले बेअरिंग गंजले किंवा धुळीने जाम झाले, की स्प्रिंग फिरण्याऐवजी पिळली जाते आणि पीळ अनावर झाल्यावर एकदम सुटताना ‘टण्’ असा घंटेसारखा नाद करते. हा नाद स्प्रिंगवर हात ठेवला असता झटक्याच्या रूपात हातालाच लागतो, त्यामुळे त्याचे निदान सर्वांत सोपे आहे. खालच्या बाजूचा बॉल जॉइंट कोरडा पडला की कर्रर असा दार करकरल्यासारखा आवाज येतो, तर तो झिजला की खड्ड्यावर आणि वळण सुरू करताना ‘खट्’ असा एकच ठोका येतो. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश चिरले की ब्रेक आणि वळण एकत्र आले असता ठोका बसतो. स्टेअरिंगच्या खांबाखाली जो छोटा क्रॉस असतो, त्याच्या आवाजाबरोबर हातातील चाकालाही बारीक धक्का जाणवतो, आणि ही खूण इतर कोणत्याही सांध्याच्या आवाजात इतक्या स्पष्टपणे मिळत नाही.

पॉवर स्टेअरिंग असलेल्या व्हॅनमध्ये आणखी एका आवाजाची भर पडते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगमध्ये स्टेअरिंग टोकापर्यंत नेऊन तसेच धरून ठेवले की दाब कमाल होतो आणि जादा तेल सोडणारी झडप उघडून ‘स्स्’ किंवा ‘ऊंऊं’ असा आवाज होतो. हा बिघाड नव्हे, पण त्या स्थितीत काही सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवणे पंपाला मानवत नाही. टोकाला न नेताही कण्हल्यासारखा आवाज येत असेल आणि तो इंजिनाच्या वेगाबरोबर चढत असेल, तर तेलाची पातळी आणि त्यातील फेस पाहावा. किंचाळी मारल्यासारखा आवाज पट्टा घसरत असल्याचा असतो. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगला तेल आणि पंप नसल्याने ही सर्व कारणे तेथे लागू होत नाहीत.

वेगातील रुंद वळणाच्या परीक्षेत जो आवाज उघड होतो तो प्रामुख्याने चाकाच्या बेअरिंगचा. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे घोंगावल्यासारखा आवाज सुरू होतो, वेगाबरोबर तो चढतो, गिअर बदलला तरी बदलत नाही, आणि वळणावर भार एका बाजूला सरकताच वाढतो किंवा कमी होतो. सर्वसाधारण नियम असा की डावीकडे वळताना आवाज वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग आणि उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचे बेअरिंग संशयित मानावे. मात्र हा नियम निरपवाद नाही; वळणात टायर जमिनीवर आडवा रेटा सोसतो, तो रेटा चाकाच्या त्रिज्येएवढ्या अंतरावरून हबला पिळतो, आणि त्यामुळे दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये भार एका ओळीवरून दुसरीवर जातो, म्हणून कधीकधी आतल्या बाजूचे बेअरिंगही बोलू लागते. आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्या चालकाला हा आवाज सर्वांत आधी कळतो, कारण तेथे डावे-उजवे वळण लागोपाठ येते आणि आवाजाची चढउतार एकाच मिनिटात अनेकदा ऐकायला मिळते. शहरात हीच परीक्षा मोठ्या वर्तुळाकार चौकात करता येते, परंतु आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालत असल्यामुळे चौकाला वळसा घालताना गाडी सतत उजवीकडेच वळते आणि भार डाव्या चाकांवरच राहतो. केवळ चौकातील चाचणीवर विसंबून उजवे बेअरिंग ठीक असल्याचा निर्वाळा देणे त्यामुळे चुकीचे ठरेल.

बेअरिंग आणि टायर यांचे आवाज फार सारखे असतात आणि अनुभवी मेकॅनिकही तेथे चकतो. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीत टायरचे ठोकळे एका बाजूने करवतीच्या दात्यांप्रमाणे झिजतात आणि अगदी बेअरिंगसारखे घोंगावतात. फरक असा की टायरचा आवाज डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. शिवाय टायरवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला असता एका दिशेने तो गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागतो. बेअरिंगची खात्री करायची तर गाडी सपाट जागी जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, चाक वरून आणि खालून धरून हलवावे आणि मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. निरोगी बेअरिंग हाताला काहीही कळू देत नाही, तर बिघडलेल्याची दाणेदार खरखर स्प्रिंगमधून बोटांपर्यंत पोहोचते. निमुळत्या रोलरची जुन्या पद्धतीची बेअरिंगे असलेल्या गाडीत नुसता खेळ असेल आणि खरखर नसेल, तर ग्रीस बदलून नट योग्य तेवढा आवळणे पुरेसे ठरू शकते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये डिफरन्शियलचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. गाडी सरळ जात असताना त्यातील मोठे चक्र, म्हणजे क्राउन, आणि त्याला फिरवणारे पिनियन हे अखंड फिरत असतात, परंतु दोन चाकांच्या गतीतील फरक सांभाळणारी लहान दातेरी चाके आपल्या दांड्यावर स्थिर असतात. ती हलतात ती फक्त वळणात. त्यामुळे मागून येणारी घरघर सरळ रस्त्यावरही असेल आणि ॲक्सिलरेटर देताना व सोडताना बदलत असेल, तर दोष क्राउन-पिनियनमध्ये असतो; सरळ रस्त्यावर पूर्ण शांतता आणि संथ चक्करेत मागून खडखड अशी स्थिती असेल, तर ती लहान दातेरी चाके किंवा त्यांचे वॉशर झिजलेले असतात. दोन्ही परिस्थितींत खर्चाला हात घालण्यापूर्वी तेल काढून पाहावे. चमकणारी बारीक भुकटी ही नित्याची झीज होय, पण बोटांना टोचणारे पोलादाचे कण निघाले तर पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

यानंतर राहतात ते व्हॅनच्या शरीराचेच आवाज. मालवाहू व्हॅनची आतून मोकळी पत्र्याची पेटी ढोलाप्रमाणे घुमते आणि एका कोपऱ्यातील आवाज दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येतो, म्हणून आतून ऐकलेल्या दिशेवर कधीही पूर्ण भरवसा ठेवू नये. शक्य तर एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने बाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहून ऐकावे. सरकत्या दाराचे रोलर झिजले की गाडी झुकताच दार चौकटीवर आपटते. सीएनजीच्या टाकीचे पट्टे, स्टेपनी, सीटखालचा जॅक, सायलेन्सरला लटकवणारी रबरे हे सर्व वळणाच्या झुकावात हलून सस्पेन्शनच्या ठोक्यासारखाच ठोका देतात. यांपैकी टाकीचे पट्टे कोणत्याही परिस्थितीत सैल राहू देऊ नयेत. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाडीत पाट्याच्या टोकाच्या शॅकलचे बुश संपले की भरल्या गाडीत वळणावर कुचकुच आणि खट् असा जोडआवाज येतो. पाट्यांना ॲक्सलशी जखडणारे यू-बोल्ट ढिले झाले तर ॲक्सलच किंचित सरकतो, आणि तो आवाज मात्र किरकोळ समजू नये. ब्रेकच्या डिस्कमागील पातळ पत्रा वाकून किंवा त्यात खडा अडकून येणारी खर्रर ऐकायला भयंकर असली तरी पत्रा सरळ करण्याने किंवा खडा काढण्याने ती थांबते. तळघरातील पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर फुल लॉकमध्ये टायर चिरकतात, तो तर दोषच नाही. ॲकरमनची रचना प्रत्येक कोनात तंतोतंत जुळत नसल्याने टायर थोडे घसटतात, आणि खरबरीत डांबरावर जे ऐकू येत नाही ते तेथे ऐकू येते.

कोणत्या आवाजासह गाडी चालवता येईल आणि कोणत्या आवाजासह नाही, याबाबत संदिग्धता राहू नये. स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचा नाद, बुशची कुचकुच किंवा सीव्ही जॉइंटची नुकतीच सुरू झालेली कटकट यांना घेऊन गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. घोंगावणारे बेअरिंग दिवसांच्या हिशेबाने बदलावे, महिन्यांच्या नव्हे, आणि घाटात जाण्याआधी तर नक्कीच. परंतु बॉल जॉइंट किंवा टाय रॉडच्या टोकात हाताला जाणवणारा खेळ आढळला, तर ती गाडी चालवत नेऊ नये. ते दोन सांधे निखळले की पहिल्याने चाक कोलमडते आणि दुसऱ्याने स्टेअरिंगचा चाकाशी असलेला संबंधच तुटतो, आणि तसे होण्याआधी मिळणारी सूचना म्हणजे अनेकदा हा वळणावरचा एवढासा ठोकाच असतो. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्यांनी सत्र सुरू होण्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर हे दोन सांधे जॅकवर गाडी घेऊन तपासून घ्यावेत, आणि खेळ सापडला तर दुरुस्ती होईपर्यंत त्या व्हॅनमध्ये एकही मूल बसवू नये.